मढच्या पोत्याचा कडता

११ फेब्रुवारी २००३, मंगळवार

बियाणं कंपनीने दिलेली ही डायरी दीड महिना गल्ल्याशेजारी कोरी पडली होती. आज लिहायला घेतली, कारण आजच्यासारखा मूर्खांचा मेळा मी साठ वर्षांत पाहिला नाही.

सकाळी दहाला दुकानासमोर जीप थांबली. पुण्याहून आलेलं पोलिसांचं पथक. साहेब खालीसुद्धा न उतरता म्हणाला, "नथमलशेठ तुम्हीच ना? काटा घ्या आणि बसा." ओतूरच्या पेठेत आमचं धान्याचं दुकान तीन पिढ्यांचं. कुणी बसा म्हटलं की बसणारा मी नव्हे. पण बॅटरीवर चालणारा काटा अख्ख्या पेठेत माझ्या एकट्याकडे, आणि तो मी दुसऱ्याच्या हातात देत नाही. म्हणून गेलो. आमचा मापाडी गेणभाऊ काटा मांडीवर घेऊन मागे बसला, लग्नातल्या करवलीच्या थाटात.

जीप थांबली ती मढला, धर्माजीच्या गोठ्यापाशी. हा धर्माजी म्हणजे बैलगाड्यांच्या शर्यतीपायी वेडा झालेला माणूस. घरात बायकोला धड लुगडं नाही आणि बैलांना बदाम. शिवाय तोंडाने फाटका. आमच्या पेठेचा रिवाज आहे की शेतकऱ्याचं पोतं मोजलं की बारदान, माती आणि ओल यांचे मिळून दोन किलो वजा करायचे. त्याला कडता म्हणतात. माझे आजोबा घेत, वडील घेत, मी घेतो. तर गेल्या दिवाळीत सोयाबीन घालायला आला तेव्हा हा गृहस्थ चार गिऱ्हाइकांसमोर ओरडला, "कडता न्हाई ही, चोरी हाय चोरी!" त्याचा आजच्या गोष्टीशी काही संबंध नाही. माणूस कसा आहे ते कळावं म्हणून लिहिलं.

गोठ्यात बैलांच्या मागे तागाचं एक पोतं सापडलं. बैलांच्या मुताने खालून ओलं झालेलं. आत वाळवलेला गांजा, काड्या-पाल्यासकट. धर्माजी हात जोडून सांगत होता, "सायेब, बैलांसाठी हाय वो. पिठाच्या गोळ्यातनं चिमूट चिमूट देतो. घाटात गाडा पळवायचा तर बैलाला दम नको व्हय?" साहेब म्हणाला, "बैलाचा जबाब नंतर घेऊ." शिपाई हसले. असल्या विनोदाला हसायचाच सरकार यांना पगार देतं.

पोतं काट्यावर चढवलं. वीस किलो सहाशे ग्रॅम. गेणभाऊ माझ्या कानाशी लागला, "शेठ, कडता?" चाळीस वर्षांची सवय, पोतं चढलं की त्याच्या तोंडातून तोच शब्द येतो. मी म्हटलं, "सरकारी कामात कसला आलाय कडता!" साहेबाने आकडा टिपून घेतला आणि जीपच्या बॉनेटवर पंचनाम्याचे चार कागद पसरले. दोन लिहिलेले, दोन कोरे. बोट ठेवेल तिथे मी सही केली. वाचायचं काय त्यात? मी तिथे हजर होतो.

धर्माजीला जीपमध्ये घातला तेव्हा त्याची बायको ठमाबाई बैलांना पाणी पाजत होती. तिने बादली खाली ठेवली नाही. या लोकांना कशाचं काही वाटतच नाही.

१४ फेब्रुवारी

पेपरात आलंय. 'मढ येथे वीस किलो गांजा जप्त.' माझं नाव नाही, काट्याचंही नाही.

हवालदार चहाला आला होता. फुकटचा चहा पिताना माणूस कायदेपंडित होतो. म्हणाला, "शेठ, वरच्या सहाशे ग्रॅमनी काम केलं बघा." गांजा एक किलोपर्यंत असला तर सहा महिने. वीस किलोपर्यंत असला तर दहा वर्षांच्या आत जज्जाला वाटेल तेवढी शिक्षा. पण वीसचा काटा ओलांडला की तो धंदा समजायचा. मग दहा वर्षं कमीत कमी, वीसपर्यंत कितीही, आणि जामीन जवळपास नाहीच.

मला हे त्या दिवशी कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी आकडा तोच आला असता. काटा कुणाचं तोंड बघून बोलत नाही.

धर्माजी चोपन्न वर्षांचा आहे म्हणे.

३ मार्च

ठमाबाई आली. दुकानाच्या पायरीवर बसली, आत ये म्हटलं तरी येईना. गिऱ्हाइकाच्या वाटेत बसायची यांना फार हौस.

"शेठ, येकच इचारते. पोतं धरून मोजलं का पोतं सोडून?"

मी म्हटलं, "बाई, ते कोर्टात विचार. इथे हरभरा मिळतो."

"कोर्टात माला कोण इचारतंय? तुमी व्हता तितं, म्हून तुमास्नी इचारते."

"मी सरकारी पंच आहे. पंचाने आरोपीच्या माणसांशी बोलायचं नसतं." हे मी ऐकलेलं होतं, खरं असावं.

ती उठली. तेवढ्यात आमच्या मातोश्री आतून पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. धापूबाई, वय चौऱ्याऐंशी, कानाने ठार बहिऱ्या, पण जे ऐकू नये ते बरोबर ऐकतात. ठमाबाईला पाणी दिलं, गुळाचा खडा दिला. ती गेल्यावर मला म्हणाल्या, "नथू, रिकामं पोतं किती भरतं रे?"

"तुला काय करायचंय?"

"मला काही नाही करायचं. तुला माहिती आहे का, ते विचारलं."

म्हातारपणी माणसाला दुसरे उद्योग नसतात.

१७ एप्रिल

मढची यात्रा. घाटात, म्हणजे शर्यतीच्या चढावर, गाडे पळाले. धर्माजीचे चित्र्या आणि पाखऱ्या त्याच्या मेहुण्याने आणले होते, पण बैल गाड्याला जुंपून घेईनात. धनी दिसल्याशिवाय मान खाली घालत नाहीत म्हणे. लोक हळहळले. गेणभाऊ तर डोळे पुसत आला. जनावरांची नाटकं आणि माणसांचं रडं! मी त्याला म्हटलं, गांजा मिळाला नाही म्हणून अडले असतील. तो काटा पुसायला लागला. आजकाल माझ्याशी बोलतच नाही फारसा. पोतं चढलं की 'शेठ, कडता?' तेवढं विचारतो, आणि तेही माझ्याकडे न बघता.

१ सप्टेंबर

आज आमची जैनांची संवत्सरी. उपास केला, प्रतिक्रमण केलं, आणि रिवाजाप्रमाणे भेटेल त्याला हात जोडून मिच्छामि दुक्कडम् म्हणत पेठभर फिरलो. वर्षभरात कळत-नकळत दुखवलं असेल त्याची क्षमा मागायची. ज्याने मला गेल्या महिन्यात खराब गहू घातला त्यालाही म्हटलं. त्याने क्षमाही केली, निर्लज्ज!

संध्याकाळी मातोश्री म्हणाल्या, "सगळ्यांना म्हणून झालं?"

"झालं."

"मढला गेला होतास?"

मढ काय शेजारच्या गल्लीत आहे? तसं मी त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "त्या दिवशी जीपमधून गेला होतास तेव्हा जवळ होतं." आता यांच्याशी कोण वाद घालणार? तेही उपासाच्या दिवशी!

१८ नोव्हेंबर

दुकानात एक पोरगी आली. पायात साध्या चपला, हातात फायलींची पिशवी. अर्धा किलो बेसन घेतलं आणि वर म्हणते, "मी ॲडव्होकेट इंद्रायणी पडवळ. धर्माजींची केस माझ्याकडे आहे." महाळुंगे पडवळची. बाप शेतकरी. पुण्याला चार बुकं वाचली की या पोरींना वाटतं आपण कायदा जन्माला घातला.

मी म्हटलं, "मला काही विचारू नका."

"विचारत नाही. नुसतं सांगते, ऐकायचं तर ऐका."

बेसनाची पुडी बांधेपर्यंत ऐकणं भाग होतं. ती म्हणाली, नुसता पाला आणि बी कायद्याने गांजा होत नाही, शेंड्याचा फुलोरा बरोबर असावा लागतो. पण तपासणीच्या नमुन्यात फुलोरा निघाला, तेव्हा ती वाट बंद. झडतीच्या वेळी मोठ्या अधिकाऱ्याला बोलवायचा हक्क असतो, पण तो अंगझडतीला, गोठ्यातल्या पोत्याला नाही. तीही वाट बंद. "बैलांसाठी ठेवला म्हणून कायदा सोडत नाही. ठेवला तो ठेवला. मी त्यांना निर्दोष सोडवते असं म्हणतच नाही. वीसच्या आत की वीसच्या वर, एवढंच राहिलंय. आत असेल तर दोन-तीन वर्षं. वर असेल तर माणूस चौसष्ट वर्षांचा होऊन बाहेर येईल. आला तर."

"मग मला कशाला सांगताय?"

"काटा तुमचा होता म्हणून." पुडी घेतली, पायरीवर थांबून माझ्या दुकानातल्या पोत्यांच्या थप्पीकडे बघत राहिली. काय बघत होती कोण जाणे. वकिली चालत नसणार, म्हणून गावोगाव बेसन घेत फिरते.

२२ जानेवारी २००४

समन्स आलं. १२ फेब्रुवारी, शिवाजीनगर, पुणे.

दुपारी दुकानात कुणी नव्हतं. गेणभाऊ जेवायला गेला होता. काटा बरोबर चालतो की नाही हे कोर्टात जाण्यापूर्वी तपासलेलं बरं, म्हणून त्यावर एक रिकामं तागाचं पोतं ठेवलं. नऊशे ऐंशी ग्रॅम. दुसरं ठेवलं. नऊशे साठ. आणखी सात-आठ ठेवली. हजारच्या वर एकही गेलं नाही.

काटा ठीक आहे.

वीस किलो सहाशेतून नऊशे ऐंशी वजा केले तर किती राहतात हे शाळेतल्या पोरालाही येतं. मी ते इथे लिहिणार नाही. आणि जो कडता आम्ही घेतो तो नुसत्या बारदानाचा नाही. त्यात माती येते, ओल येते, पुढची तूट येते. दोन किलो काही जास्त नाहीत.

११ फेब्रुवारी

बरोबर एक वर्ष झालं. हवालदार पंचनाम्याची प्रत घेऊन आला, उद्याच्या साक्षीची तयारी म्हणून. मी पहिल्यांदा वाचला. त्यात लिहिलंय: 'सदर माल ताडपत्रीवर रिकामा करून, पोते वगळून, पंचांसमक्ष निव्वळ वजन केले असता ते २० किलो ६०० ग्रॅम भरले.' खाली माझी सही. स्वच्छ, वळणदार, नथमल.

मी म्हटलं, "ताडपत्री कुठे होती?"

"शेठ, लिहायची पद्धत असते तशी. तुम्ही फक्त हो म्हणायचं."

"मी सही केली तेव्हा हा कागद कोरा होता."

"ते तर मुळीच म्हणू नका. अन् ती वकीलबाई कडत्याचं विचारेल, तर कडता घेत नाही म्हणा. कायद्याने बंद आहे. बाजार समितीचा कागद तुमच्या भिंतीवर लावलाय की नाही?"

लावलाय. कॅलेंडरच्या मागे.

हवालदार गेल्यावर बराच वेळ कॅलेंडरकडे बघत बसलो. मला साहेबाचा राग आला, हवालदाराचा आला, त्या पोरीचा आला, आणि सगळ्यात जास्त धर्माजीचा. एवढा मोठा गोठा, त्यात हा बाबा पोतं बैलाच्या मुतात ठेवतो! कोरड्यात ठेवलं असतं तर वीस भरलंच नसतं. स्वतःच्या हाताने दहा वर्षं भिजवून ठेवली गाढवाने.



१२ फेब्रुवारी

लिहितो. आत्ताच एसटीने परतलो.

कोर्ट म्हणजे पंख्याचा आवाज आणि जांभया. धर्माजी कठड्यात होता. मी ओळखला नाही. दाढी पांढरी, मान बारीक झालेली. माझ्याकडे बघून त्याने रामराम केला. कठड्यात उभं राहून रामराम! पंच म्हणून आपल्याविरुद्ध आलेल्या माणसाला! अक्कल नाही ती नाहीच.

सरकारी वकिलाने विचारलं, मी हो हो म्हणत गेलो. जीप, गोठा, पोतं, काटा. मग ती पोरगी उठली.

"शेठजी, पोतं रिकामं करून मोजलं?"

"पंचनाम्यात लिहिलंय."

"कागदावरचं मी वाचलंय. तुमचं सांगा."

मी पुन्हा कागदाकडे बोट केलं. तिने ते तिथेच सोडलं आणि भलतंच विचारलं. "दुकानात माल घेताना कडता कापता?"

सरकारी वकील उठला, याचा खटल्याशी संबंध काय म्हणून. जज्जसाहेबांनी त्याला बसवलं.

"कापत नाही," मी म्हणालो. "बंद आहे."

"म्हणजे पोत्याचं वजन धान्याच्या भावाने शेतकऱ्याला देता?" कोर्टात कुणीतरी हसलं. ती जज्जसाहेबांकडे वळली. "साहेब, ज्या माणसाला बारदान वजा करायचं असतं एवढंही कळत नाही, त्याच्या वजनावर दुसऱ्याला दहा वर्षं पाठवायचं? साक्षीदाराला काट्यातलं काही समजत नाही, असं माझं म्हणणं आहे."

काट्यातलं समजत नाही! मला! ऐकून डोकंच फिरलं. मी म्हटलं, "बाई, तुमचा जन्म व्हायच्या आधीपासून मी काट्यामागे बसतोय. पोत्यामागे दोन किलो वजा करतो. बारदानाचा किलो, मातीचा अर्धा, ओलीचा अर्धा. पोतं हाताने उचललं तरी सांगतो किती भरेल. तीन पिढ्या आम्ही बारदान कधी धान्यात धरलं नाही, आणि तुम्ही मला शिकवता?"

तिने मान हलवली. अगदी हळू विचारलं, "मग मढच्या पोत्याचं धरलंत?"

तेव्हा कळलं की आपण कुठे येऊन उभे राहिलो. हवालदार दारातून डोळे वटारत होता. खोटं बोलायला एक शब्द पुरला असता. मी धर्माजीकडे बघायला नको होतं. तो माझ्याकडे बघत नव्हता. बोटांची नखं बघत होता, दुकानात हिशेबाची पट्टी होईपर्यंत बघत उभा राहायचा तशी.

"धरलं," मी म्हणालो. "रिकामं केलं नव्हतं. ताडपत्री नव्हती. पोतं ओलं होतं. सही माझी आहे, पण कागद कोरा होता."

"बारदान वजा का केलं नाहीत?"

"लक्षात आलं नाही."

तिने माझ्याकडे क्षणभर बघितलं आणि बसली. सरकारी वकील ओरडला, साक्षीदार फितूर झालाय. फितूर म्हणे! घरचा काटा, घरची बॅटरी, एसटीचं भाडं पदरचं, आणि फितूर मी.

गेणभाऊने कडत्याची आठवण केली होती, हे मी सांगितलं नाही. मला ते कुणी विचारलं नव्हतं.

४ मार्च

निकाल लागला. पोत्यासकट वजन झाल्यामुळे वीस किलोच्या वर माल होता हे सिद्ध होत नाही. संशयाचा फायदा. गांजा बाळगल्याबद्दल दोन वर्षं सक्तमजुरी आणि दंड, आत काढलेला काळ धरून. म्हणजे पुढच्या फेब्रुवारीत सुटेल.

पेठेत निकालाचं कुणाला काही नाही. सगळ्यांना एकच माहीत झालंय, की नथमलशेठने भर कोर्टात दोन किलो कडता कबूल केला. न्हावीसुद्धा विचारतो, "केसांना किती कडता, शेठ?" हलकट!

मातोश्रींना निकाल सांगितला. दोनदा सांगावा लागला. मग म्हणाल्या, "चांगलं बोललास." मी म्हटलं, रागाच्या भरात तोंडातून गेलं. त्या म्हणाल्या, "तुझ्या तोंडातून खरं तसंच जातं."

८ मार्च २००५

नवी डायरी, तीच कंपनी. वर्षभर लिहिण्यासारखं काही नव्हतं. आज आहे.

हरभऱ्याचा हंगाम, दुकानात आठ-दहा शेतकरी. धर्माजी आला. सुटून महिनाही झाला नाही. बरोबर ठमाबाई, बैलगाडीत हरभऱ्याची दोन पोती. बाहेर चित्र्या आणि पाखऱ्या माना खाली घालून उभे होते. माझ्याकडेच आला. पेठेत दुसरी चार दुकानं आहेत, पण नाही, इथेच यायचं.

गेणभाऊने पोत्याला हात घातला, तसा धर्माजी म्हणाला, "थांब गेणभाऊ." आणि सगळ्यांसमोर पोत्याचं तोंड सोडून हरभरा माझ्या फरशीवर ओतला. रिकामं पोतं झटकलं, घडी घातली, काट्यावर ठेवलं.

"आदी ह्ये मोजा, शेठ."

मी म्हटलं, "हा काय तमाशा आहे? कोर्टात तुझ्यासाठी खरं बोललो, त्याची ही परतफेड?"

"बोललात. न्हाई कुनी म्हनलं? तुमच्यामुळं मी आज हितं हुबा हाय. ते मी मरेस्तवर इसरनार न्हाई." आवाज चढला नव्हता. पूर्वीचा धर्माजी ओरडायचा. "पर शेठ, त्या दिशी गेणभाऊनं तुमास्नी कडता इचारला व्हता. मी दोन हातांवर हुबा व्हतो. म्या ऐकलं. तुमी काय म्हनला ते बी ऐकलं."

 गेणभाऊ खाली बघत होता.

मला एवढंच सुचलं, "मग वकीलबाईला का नाही सांगितलंस?"

"पयल्याच दिशी सांगितलं. त्या म्हनल्या, धर्माजी, ह्ये पोटात ठेवा. तुमच्या तोंडचं कुनी खरं मानायचं न्हाई, त्यांच्या तोंडचं मानतील."

म्हणजे त्या पोरीला सगळं माहीत होतं. बेसन घेताना माहीत होतं, 'का केलं नाहीत' विचारतानाही माहीत होतं. आणि मी 'लक्षात आलं नाही' म्हणालो तेव्हा कठड्यातल्या त्या माणसालाही माहीत होतं. तरी त्याने मला रामराम घातला होता.

"नऊशे ऐंशी," गेणभाऊने मोठ्याने वाचलं. मी काट्याकडे बघितलं नव्हतं. गेल्या वर्षीच्या जानेवारीपासून मला तो आकडा पाठ आहे.

सगळे माझ्याकडे बघत होते. काय बघायचं असतं यांना एवढं? मी पट्टी ओढली आणि पोत्यापुढे दोन किलोच्या जागी नऊशे ऐंशी ग्रॅम लिहिलं. ठमाबाईने खाली वाकून सांडलेला हरभरा दोन्ही हातांनी गोळा करायला घेतला. मी तिला म्हटलं, राहू दे, पाय दुखतील. मग मीच बसलो. गुडघे दुखले.

धर्माजीचं दुसरं पोतं काट्यावर चढलं. गेणभाऊने कडता विचारला नाही.